बेअर ॲक्ट चाळायला शिकवणारा वर्ग : ठाण्यातील एका एआयबीई तयारी-वर्गाविषयी

वकिलीची सनद हाती आली तरी ऑल इंडिया बार एक्झामिनेशन, म्हणजे एआयबीई, उत्तीर्ण झाल्याखेरीज बार कौन्सिल ऑफ इंडियाचे प्रॅक्टिसचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ही परीक्षा घेण्याचा कौन्सिलचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी मान्य केल्यामुळे ती कधीतरी रद्द होईल या आशेवर थांबण्यात आता अर्थ उरलेला नाही. ठाण्यात कोर्टनाक्याच्या परिसरात रविवारी भरणाऱ्या एका तयारी-वर्गात मी अलीकडेच शिकलो. काही तक्रारीही नोंदवायच्या असल्याने वर्गाचे नाव देत नाही. मात्र ठाणे, कल्याण किंवा वाशीकडे असा वर्ग शोधणाऱ्यांनी प्रवेशापूर्वी काय विचारून घ्यावे, हे यावरून ध्यानात येईल.

प्रश्नपत्रिका १०० बहुपर्यायी प्रश्नांची असते, वेळ साडेतीन तासांचा असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. खुल्या प्रवर्गाला व इतर मागासवर्गीयांना ४५ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४० टक्के गुण पुरतात. परीक्षागृहात टिपा नसलेले बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा केवळ मूळ मजकूर छापलेली पुस्तके, नेता येत असल्याने ‘पुस्तक समोर ठेवून द्यायची परीक्षा’ म्हणून अनेक जण तिला हलक्यात घेतात. प्रत्यक्षात एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटे मिळतात आणि पुस्तकाचा गठ्ठा जितका मोठा, तितका शोधण्यात वेळ जातो. हे ओळखून या वर्गाने पहिल्या दिवसापासून व्याख्यानापेक्षा कलम शोधण्याच्या सरावावर भर दिला, आणि माझ्या मते शुल्काचे खरे मोल तेथेच वसूल झाले.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे उदाहरण घ्यावे. या संहितेत आधी १५८ कलमे आणि त्यानंतर पहिल्या अनुसूचीत आदेश व नियम अशी दुहेरी रचना आहे. पूर्वन्याय, म्हणजे एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा चालवता येत नाही हे तत्त्व, कलम ११ मध्ये सापडतो, पण वादपत्र फेटाळण्यासाठी आदेश ७ नियम ११ आणि तात्पुरत्या मनाई हुकमासाठी आदेश ३९ पाहावा लागतो. त्यामुळे ११ हा आकडा आठवूनही उमेदवार चुकीच्या पानावर पोहोचू शकतो. शिक्षक घड्याळ लावून केवळ प्रश्न वाचायचे, आणि उत्तर सांगण्याआधी प्रत्येकाने अनुक्रमणिकेतून पान काढून दाखवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता.

फौजदारी कायद्यांच्या बाबतीत हीच पद्धत अधिक उपयोगी पडली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि ज्यांचे शिक्षण जुन्या कायद्यांवर झाले त्यांच्या तोंडी अजूनही जुनेच आकडे असतात. खुनाची शिक्षा आता न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये आहे. सवयीने ३०२ उघडले, तर धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांचे कलम समोर येते. फसवणूक ३१८ मध्ये गेली आहे आणि ४२० तर उरलेच नाही, कारण न्याय संहिता ३५८ कलमांतच संपते. (बोलीभाषेतला ‘चारसोबीस’ मात्र इतक्यात निवृत्त होईल असे वाटत नाही.) अटकपूर्व जामिनाचे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४३८ हे नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ झाले, तर त्या जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार होते. असे फसवे आकडे वर्गात वेगळे काढून घोटून घेतले गेले.

तक्रार आहे ती छापील टिपांच्या खंडांविषयी. शुल्कात त्यांची किंमत सक्तीने धरलेली असते, परीक्षागृहात ते नेता येत नाहीत, आणि आमच्या प्रतीतील साक्षीपुराव्याच्या प्रकरणात तर जुन्या अधिनियमाचे इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीचे कलम ६५ ब अजून तसेच होते, जे आता ६३ आहे. वेळेची वाटणीही अभ्यासक्रमाशी जुळत नव्हती. राज्यघटनेला १० आणि कौटुंबिक कायद्यांना ८ गुण असताना, राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीविषयीच्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालावर जवळजवळ पूर्ण सत्र गेले आणि हिंदू व मुस्लिम व्यक्तिगत कायदे घाईने उरकले गेले. व्याख्यान उत्तम होते, हे मान्य केले पाहिजे. निकालांवरचे प्रश्न बेअर ॲक्टमधून सुटत नसल्याने तेथे शिक्षकाची गरजही असते. पण मग जनहित याचिकेच्या ४ गुणांसाठी हुसैनआरा खातून (खटल्याविना तुरुंगात खितपत पडलेले कैदी) किंवा विशाखा (कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ) या निकालांनाही तेवढाच न्याय मिळायला हवा होता.

खोली लहान, वातानुकूलन चांगले, पाण्याची सोय ठीक. नवी मुंबईतून येणाऱ्यांनी रविवारी ट्रान्स हार्बर मार्गावर मेगाब्लॉक आहे का, हे आधी पाहून निघावे. परीक्षा मराठीतूनही देता येत असली, तरी येथील सराव प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत होत्या. मराठीतून देणाऱ्यांनी हे प्रवेशाआधीच विचारावे.

जे रोज न्यायालयात उभे राहतात, त्यांना पूर्ण वर्गाची आवश्यकता वाटत नाही. त्यांच्यासाठी केवळ सराव परीक्षांचा स्वतंत्र, कमी शुल्काचा पर्याय येथे आहे. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नसतो, कार्यालयात आग्रहाने विचारल्यावरच तो सांगितला जातो.