माझगावचा हेरिटेज वॉक: पैसे वसूल, पण क्रम उलटा

मुंबईत हेरिटेज वॉक म्हटलं की सगळे फोर्ट नाहीतर काळा घोडा, माझगावला कुणी फिरकतच नाही, त्यामुळे याची जाहिरात दिसल्या दिसल्या बुकिंग करून टाकलं. माणशी आठशे रुपये, रविवारी सकाळी सातला डॉकयार्ड रोड स्टेशनबाहेर जमायचं.

सुरुवात एक नंबर झाली. स्टेशनला लागूनच भंडारवाडा टेकडी आहे, वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान, आणि आपण ज्या बागेत फिरतो तिच्या खाली पाण्याची टाकी आहे हे मला आजवर माहीतच नव्हतं. त्याच्याही आधी इथे किल्ला होता म्हणे, 1690 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने तो उडवला. वरून गोदीच्या क्रेन आणि मागे बंदर दिसतं, आणि गाइडने 14 एप्रिल 1944 चा स्फोट तिथेच उभं करून सांगितला ते फार आवडलं. व्हिक्टोरिया डॉकमधलं फोर्ट स्टिकीन जहाज, त्यात कापसाच्या गाठी, दारूगोळा आणि सोन्याच्या लगडी सगळं एकत्र भरलेलं, कापसाने पेट घेतला आणि पुढे जहाजच उडालं, विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. अग्निशमन सेवा दिन 14 एप्रिललाच का असतो ते त्या दिवशी नीट डोक्यात शिरलं.

मग म्हातारपाखाडी. खरं तर नुसत्या या भागासाठीसुद्धा मी पैसे दिले असते. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं जुनं गाव, लाकडी सज्जे, घराच्या बाहेरून वर चढणारे जिने, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल अशा गल्ल्या. टेकडीवरच्या बागेला ज्यांचं नाव आहे ते जोसेफ उर्फ काका बाप्टिस्टा इथलेच, 1916 मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष आणि 1925 मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आत्ताच्या भाषेत महापौर. पण अशा गल्लीत पंचवीस जणांचा ग्रुप आणि वर गाइडच्या कमरेला स्पीकर? एक आजोबा बनियनवर जिन्यात पेपर वाचत बसले होते, आमच्यातले लोक फोटोसाठी त्यांना "अंकल, थोडं बाजूला" करत राहिले, ते बिचारे एक एक पायरी वर सरकत गेले आणि शेवटी पेपर घेऊन आत निघून गेले. गाइड हे सगळं बघत होता, एका शब्दाने कुणाला अडवलं नाही. हे मला अजिबात पटलं नाही, दहा-बाराच्या वर माणसं घेऊच नयेत इथे.

नवाब टँक रोडचं चिनी देऊळ छान आहे, साध्या घरात वरच्या मजल्यावर, रस्त्यावरून पत्ताही लागत नाही. चिनी खलाशांनी 1919 च्या सुमारास बांधलेलं. आत सगळं लालेलाल. तिथे मात्र आम्ही जेमतेम टेकलो.

आणि सगळ्यात शेवटी भाऊचा धक्का, म्हणजे मासळी उतरते ते बंदर, साडेदहा वाजता! अहो, धक्क्यावर साडेदहाला काय बघायचं? मासळीचा लिलाव कधीच आटोपलेला, कोळणी टोपल्या उचलून आपापल्या बाजाराला गेलेल्या, उरलं काय तर वितळलेल्या बर्फाचं पाणी आणि रेवस-मोऱ्याच्या लाँचची रांग. धक्का ज्यांनी बांधला त्या भाऊ अजिंक्यांबद्दल गाइड दोन मिनिटं बोलला आणि "थँक यू, रेटिंग द्या". पहाटे साडेपाचला धक्क्यावरून सुरू करून टेकडीवर संपवलं असतं तर याच वॉकला मी पाच स्टार दिले असते, आता साडेतीन.

जाणार असाल तर जून-जुलै टाळा, तेव्हा मासेमारी बंद असते आणि धक्का सुनासुना असतो. चप्पल घालून जाऊ नका, धक्क्यावर बेक्कार घसरतं. आणि गर्दी नको असेल तर हार्बर लाइनचं तिकीट काढून टेकडी आणि धक्का आपले आपणच करा, तिथे गाइड लागत नाही, पैसे द्यायचेच तर म्हातारपाखाडीसाठी द्या आणि बुक करताना ग्रुपमध्ये किती जण आहेत ते आधी विचारून घ्या.