ब्लूजेवर इन्हेरिटन्स आणि अ‍ॅरेलिस्टचा सराव: काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्लूजे म्हणजे जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकण्याचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवरही चालतं. कॉलेजची प्रॅक्टिकलची फाइल पूर्ण झाली की बरेचजण ते काढून टाकतात. एवढी घाई नको. ऑब्जेक्ट (क्लास नावाच्या साच्यातून बनलेली वस्तू) उघडून आत बघता येतं, हीच त्याची खरी कमाई.

इंदूरकरांना जमेल असा सराव म्हणजे सराफ्यातल्या दुकानाचं बिल. वरचा क्लास ‘पदार्थ’. त्यात नाव आणि दर, दोन्ही प्रायव्हेट, म्हणजे त्याच क्लासच्या कोडपुरते. खाली त्याचा वारसा घेणारे (हेच इन्हेरिटन्स) ‘प्लेटचा’ (भुट्ट्याचा कीस) आणि ‘वजनाचा’ (जिलेबी). दोन्हींत किंमत() ओव्हरराइड करायची, म्हणजे आपापल्या पद्धतीने नव्याने लिहायची. कोडमध्ये ‘एक्स्टेंड्स’ लिहिलं की आकृतीत बाण आपोआप येतो. ‘वजनाचा’वर राइट-क्लिक करून ऑब्जेक्ट बनवा. खालच्या पट्टीत लाल चौकोन येईल, तो इन्स्पेक्ट करा, म्हणजे उघडून आत बघा. ‘पदार्थ’मधला प्रायव्हेट दर तिथे दिसतो, पण ‘वजनाचा’च्या कोडमध्ये थेट दर लिहिला तर कंपाइल होत नाही, गेटर (दर परत देणारी मेथड) लागतो. पुस्तकात हे दहादा वाचूनही डोक्यात शिरत नाही.

‘पदार्थ’ला फक्त नाव-दर घेणारा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) असेल तर खालच्या क्लासने सुपर(नाव, दर) लिहायलाच हवं. नाहीतर जावा स्वतःच रिकामं सुपर() धरतो, तसा कन्स्ट्रक्टर सापडत नाही आणि एरर येते. जिलेबीचं बिल शून्य आलं तर ग्राम / 1000 * दर असं लिहिलेलं असणार: इंटमध्ये (पूर्णांकांत) 250 / 1000 म्हणजे 0. दर 400 असेल तर आधी गुणा: 400 * 250 / 1000 = 100.

बिलासाठीची अ‍ॅरेलिस्ट (गरजेप्रमाणे वाढणारी यादी) ‘पदार्थ’ प्रकारची ठेवा, म्हणजे दोन्ही प्रकार एकाच बिलात बसतात. तीन पदार्थ घातलेली अ‍ॅरेलिस्ट इन्स्पेक्ट केली तर साइझ 3, पण आतला अ‍ॅरे 10 घरांचा. तरीही गेट(3), म्हणजे चौथा पदार्थ (मोजणी 0 पासून), चालत नाही, कारण तपासणी साइझवर होते. फॉर-ईच लूपमध्ये (यादीतला एकेक पदार्थ घेत जाणाऱ्या) पदार्थ काढून टाकला तर कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येतं, म्हणजे लूप चालू असताना यादी बदलल्याची एरर. शेवटून दुसरा काढला तर मात्र तेही येत नाही, आणि शेवटचा पदार्थ न तपासताच लूप संपतो. ही चूक सर्वांत चिवट. उपाय: रिमूव्हइफ, म्हणजे अटीत बसणारे पदार्थ काढणारी मेथड.

त्रास एकच, पण रोजचा. पुन्हा कंपाइल केलं की पट्टीवरचे सगळे ऑब्जेक्ट जातात. टेस्ट क्लास (चाचण्यांचा क्लास) बनवून ऑब्जेक्ट त्याच्या फिक्स्चरमध्ये (चाचणीआधीच्या तयारीत) साठवले की एका क्लिकवर परत येतात.