आयलॅशचा क्लास लावण्याआधी हे वाचा : माझे ४८,१८० रुपये गेले

दहा दिवस लिहू की नको असं चाललं होतं. अकरा वर्षं मी डोंबिवलीत घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. बिल घ्या, सील बघा, स्वस्तातलं ब्लीच तोंडाला लावू नका, हे मीच गिऱ्हाइकांना सांगत आले आणि मीच फसले. घरी खरा आकडा सांगायला मला तीन महिने लागले. पण परवा ओळखीतल्या एका पार्लरवाल्या मुलीचा फोन आला, "ताई, आयलॅश एक्स्टेन्शनचा क्लास करायचाय, ठाण्यात एक चांगला ऐकलाय, लोनवर होतो म्हणे." आयलॅश एक्स्टेन्शन म्हणजे आपल्या पापण्यांवर एकेक खोटी पापणी, म्हणजे लॅश, चिकटवायची. पत्ता विचारला. इमारत तीच, मजला तोच, बोर्डावरचं नाव नवीन. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आकडे आधी सांगते. रजिस्ट्रेशनचे २,००० यूपीआयने. फीपैकी ५,००० रोख, ज्याची पावती "सिस्टिम डाउन आहे" म्हणून आजपर्यंत मिळालेली नाही. उरलेल्या फीसाठी ३०,००० चं कर्ज, माझ्या नावावर. त्याची प्रोसेसिंग फी १,१८०. किटचे ६,५००. 'इंटरनॅशनल सर्टिफिकेट'चे ३,५००. झाले ४८,१८०. डोळ्यांच्या डॉक्टरांचे आणि औषधांचे १,८५० त्यानंतर गेले. ते का, ते पुढे येईलच.

मी हावरटपणा केला असं कुणी म्हणू नये. आमच्या भागात थ्रेडिंगचे ५० रुपये मिळतात आणि त्यासाठीही बायका घासाघीस करतात. लॅशच्या एका सेटला मोठ्या सलूनमध्ये अडीच-तीन हजार घेतात. आपल्या पापण्या आपोआप गळतात आणि नव्या येतात, त्यामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी गिऱ्हाईक रिफिलला परत येतं. माझा हिशेब बरोबरच होता. चार ठिकाणी चौकशी केली. एकाकडे दोन दिवसांचा क्लास १८,००० ला होता, तो मी स्वतः नाकारला. एकेक पापणी वेगळी धरून तिच्यावर एकच लॅश बसवायची, तीही पापणीच्या मुळापासून अर्धा-एक मिलिमीटर सोडून, हे दोन दिवसांत हातात बसत नाही, एवढं मला कळत होतं. या लोकांनी पाच दिवस, एका बॅचला फक्त चार जणी, प्रत्येकीला तीन लाइव्ह मॉडेल, क्लासिक (एका पापणीवर एक लॅश) आणि व्हॉल्यूम (एका पापणीवर बारीक लॅशचा गुच्छ) दोन्ही, असं सांगितलं. चांगलं शिकायचं म्हणून मी जास्त पैसे मोजले.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून अंगाची लाही लाही होते.

जुलै २०२५ मध्ये मी जागा बघायला गेले. बाहेर धो धो पाऊस, माझी छत्री दारातच निथळत होती. आत दोन बेड, रिंग लाइट, पांढरीशुभ्र ट्रॉली आणि ट्रॉलीवर एक छोटा डिजिटल मीटर. मी व्हिडिओ बघून बघून तयारी करून गेले होते, त्यामुळे मला माहीत होतं की लॅशचा ग्लू हवेतल्या दमटपणावर वाळतो. हवा फार दमट असेल तर तो ट्विझरवरच धरतो, पापणीला नीट चिकटत नाही आणि लवकर तुटतो. म्हणून साधारण ४५ ते ६० टक्के दमटपणा राखतात. मीटरवर ५० टक्के आणि २५ अंश दिसत होते. माझ्या मनात आलं, भर पावसाळ्यात यांनी खोली ५० वर ठेवलीय, म्हणजे हे लोक खरंच काम जाणतात. बाकी सगळं सोडा, मी त्या मीटरवर भाळले.

त्या मीटरच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा होता. मी तो पाहिला होता. माझी नजर अर्धा मिलिमीटर ओळखणारी नजर आहे, भुवईतला एक चुकार केस मला लांबून दिसतो. बुडबुडा पाहिला आणि नजर पुढे गेली.

तिथेच टेबलावर क्लासच्या बाईंनी माझा मोबाइल मागितला. "फी हप्त्याने करू, व्याज नाही. सीट लॉक करायला एक ओटीपी येईल." ओटीपी आला. मेसेजमध्ये कर्ज हा शब्द होता, पण इंग्रजीत, चार ओळींच्या मजकुरात, आणि त्या बाई बोलायच्या थांबतच नव्हत्या. मी आकडे वाचून दाखवले. दहा हप्ते, प्रत्येकी ३,०००, दर महिन्याच्या ५ तारखेला. पैसे थेट क्लासच्या खात्यात गेले, देणं मात्र माझ्या डोक्यावर. क्लासवाल्यांना फी एकरकमी मिळाली की त्यांना शिकवायची गरजच काय उरते? फीच्या नावाखाली कुणी ओटीपी मागितला तर तिथून उठा. आधीच दिला असेल तर आजच्या आज करार काढून त्यात 'कूलिंग-ऑफ'ची मुदत बघा. ॲपवरच्या कर्जाला किमान एक दिवसाची अशी मुदत द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंड न लागता कर्जातून बाहेर पडता येतं. माझा ओटीपी गुरुवारी घेतला आणि क्लास सोमवारी सुरू केला. हे मुद्दाम केलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

सोमवारी गेले तर चारच्या जागी चौदा जणी. कर्जतची एक मुलगी पहाटेची लोकल पकडून आलेली, एकीच्या मांडीवर बाळ. डमीची डोकी पाच. जाहिरातीत जिचा फोटो होता ती ट्रेनर आलीच नाही, टीव्हीवर तिचे व्हिडिओ लावले. शिकवायला जी मुलगी होती ती स्वतः एकाच वेळी दोन-दोन पापण्या धरत होती. पॅच टेस्ट कधी करायची, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आपल्या ग्लूला लागत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. असं वाक्य जिथे ऐकाल तिथून निघा. लॅशचा ग्लू सायनोॲक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या रसायनाचा असतो आणि त्याचा त्रास कुणालाही होऊ शकतो, म्हणून एक-दोन दिवस आधी दोन-तीन लॅश लावून बघायच्याच असतात.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला वीज गेली. एसी बंद, खिडक्या उघडल्या, बाहेर पाऊस. तासाभरात आमचे कपडे अंगाला चिकटायला लागले. मी ट्रॉलीपाशी बसले होते. मीटरकडे बघितलं तर ५० टक्के, २५ अंश. मी नख त्या बुडबुड्याखाली घातलं आणि ओढलं. अख्खं प्लास्टिक निघून हातात आलं, आकड्यांसकट. खाली पडदा कोरा. मागे बॅटरीचं झाकण उघडलं तर नवीन वस्तूत असते ती प्लास्टिकची पट्टी तशीच अडकलेली. तो मीटर कधी सुरूच केला नव्हता. दुकानातून आणून मांडून ठेवला होता, बस्स.

मी ते प्लास्टिक सगळ्यांना दाखवलं. दोन जणी रडायला लागल्या. ती शिकवणारी मुलगी म्हणाली, "मॅडमशी बोला." मॅडमनी फोनवर सांगितलं, "उरलेले दोन दिवस ऑनलाइन होतील, मॉडेल तुम्ही तुमच्या आणायच्या असतात, नियमात लिहिलंय." तीन लाइव्ह मॉडेलचं विचारलं तर म्हणे तो वेगळा पॅकेज आहे. ऑनलाइन काही झालं नाही. एक लिंक आली, तिच्यात तेच व्हिडिओ. सर्टिफिकेट मात्र आठवड्यात घरी आलं, सोनेरी कडा, क्यूआर कोड आणि आयएसओचा शिक्का. क्यूआर त्यांच्याच पानावर जातो. आणि आयएसओ ही संस्था मानकं ठरवते, ती स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, मग पापण्या लावायचं कसब ती काय तपासणार?

तरी मी पुढे काम का केलं, असं माझी बहीण विचारते. डोक्यावर हप्ता होता म्हणून केलं. महिनाभर डमीवर रोज रात्री सराव केला. मग शेजारच्या मुलीचा साखरपुडा आला, तीच म्हणाली, "काकू, माझ्यावर करा." १,२०० घेतले. किटमधला ग्लू बाटली उलटी केली की तारेसारखा ओढला जात होता, बाटलीवर तारीख नव्हती. तो खराब झालाय हे मला कळायला हवं होतं, पण चांगला ग्लू कसा असतो हे मला कुणी दाखवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तिची आई दारात. मुलीचे दोन्ही डोळे सुजलेले, डावा उघडत नव्हता. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पॅच टेस्ट केली होती का?" त्या मुलीच्या लॅश काढताना मी शेजारी उभी होते. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला तिच्या स्वतःच्या चार पापण्या एकाच गोळ्यात चिकटल्या होत्या, गोळा सुटला तेव्हा चारही मुळापासून निघून आल्या. साखरपुड्याचे फोटो तिने गॉगल लावून काढले. १,२०० परत केले, डॉक्टरांचे १,८५० मी भरले. ते लोक मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो.

आता दाद मागायला गेले तिथलं सांगते. घराजवळच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, क्लास ठाण्यात झाला, तिकडे जा. तिकडे अडीच तास बाकावर बसवलं आणि मग विचारलं, "क्लास झाला ना? सर्टिफिकेट मिळालं ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण आहे." पलीकडच्या टेबलावरचा एक जण वळून म्हणाला, "पापण्या चिकटवायला अठ्ठेचाळीस हजार?" आणि दोघे हसले. मी अकरा वर्षं या कामावर घर चालवलं आहे, मुलाची फी भरली आहे. एखादा माणूस वेल्डिंगच्या क्लासमध्ये फसला असता तर हे हसले असते का? बायकांचं काम म्हणजे यांना करमणूक वाटते. शेवटी साधा अर्ज घेतला, पोच दिली, एफआयआर नाही. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. तुम्ही जाताना हे कलम कागदावर लिहून न्या.

सायबरवाल्यांनी सांगितलं, ओटीपी तुम्ही स्वतः दिलात, आमच्यात बसत नाही. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर एकोणीस दिवसांनी मेसेज आला : समोरच्यांनी सेवा दिल्याचं कळवलं आहे, तक्रार बंद. मला एक फोनसुद्धा नाही. समोरचा चोर "मी चोरी केली नाही" म्हणाला आणि फाइल मिटली! पालिकेत म्हणाले, आम्ही आत काय शिकवतात ते बघत नाही. कर्ज देणारी कंपनी म्हणते, क्लासशी आमचा संबंध नाही, हप्ता चुकला तर सिबिल बिघडेल. संबंध नव्हता तर त्यांचा फॉर्म त्या बाईंच्या टेबलावर कसा होता? गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर माझे हात असताना वसुलीचे फोन येतात. प्रत्येक जण पुढच्या दाराकडे बोट दाखवतो आणि प्रत्येक दारात मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, तो मीटर, तो ओटीपी, ते सगळं, अनोळखी माणसांसमोर.

क्लास बघायला जाल तेव्हा चालू बॅच बघायला मागा. रिकामी खोली दाखवली तर पैसे देऊ नका. ग्लूची बाटली हातात घ्या, तारीख वाचा. तिथे आधी शिकलेल्या दोघींना स्वतः शोधून फोन करा, त्यांनी दिलेल्या नंबरवर नाही. बॅचला किती जणी आणि मॉडेल कोण आणणार हे बिलावर लिहून घ्या. आणि ट्रॉलीवर मीटर असेल तर त्यावर नख फिरवून बघा.

पैसे गेलेच असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या भरता येतो. मी भरला आहे. सोबत यूपीआयच्या पावत्या, कर्जाचा करार, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, डॉक्टरांचं बिल आणि त्या मीटरवरच्या प्लास्टिकचा फोटो जोडला आहे. मूळ प्लास्टिक पाकिटात जपून ठेवलं आहे. कर्जतच्या मुलीसह आम्ही पाच जणी एकत्र आलो आहोत. त्या बॅचमधल्या बाकी कुणी हे वाचत असतील तर आपली कागदपत्रं घेऊन या, लाजू नका. ५ तारखेला सातवा हप्ता कापला गेला. अजून तीन बाकी आहेत.