दुआन शाईदगड: उगाळायला उत्तम, 'जुना' म्हणून घेताना सावध

दक्षिण चीनमधल्या चाओछिंगच्या या जांभळट दगडावर शाई फार सुरेख उतरते. आधी चार-पाच थेंबच पाणी घ्या आणि सहाणेवर गंध उगाळतो तशी घट्ट शाईची कांडी उभी धरून, दाब न देता सावकाश फिरवा. जोर लावलात तर कण जाड राहतात आणि कुंचला अडखळतो. काम झाल्यावर कांडी दगडावर ठेवू नका. ती चिकटते आणि उचलताना टवका काढते. शाई लगेच गार पाण्याने धुवा, नाहीतर तिच्यातला सरस वाळून दगडाची पकड जाते.

जुन्या नगावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. तो गोळा होऊन घरंगळला, तर मेण किंवा तेल चोळलेलं असण्याची शक्यता दाट. दगडातल्या गोल 'डोळ्यां'मुळे, म्हणजे नैसर्गिक ठिपक्यांमुळे, भाव चढतो, म्हणून ते चिकटवलेलेही सापडतात. कडेला नखाने सांधा लागतो का बघा. चीनच्या च्येनलोंग बादशहाने १७७८ मध्ये आपल्या संग्रहातल्या २४० शाईदगडांची सचित्र सूची करवून घेतली, आवडत्या दगडांवर स्वतःच्या कविता कोरवल्या. त्यामुळे बादशाही लेखाच्या नकलांना तोटा नाही. नुसत्या लेखावर पैसे मोजू नका. रोजच्या लिखाणाला कमी कोरीव, नवा नगच बरा, उगाळायला जागा ऐसपैस मिळते.