ठाणे की नवी मुंबई? नुसतं भाडं बघून ठरवू नका

घर कुठे घ्यायचं हा विषय निघाला की सगळे आधी टू बीएचकेचं भाडं विचारतात, दोन आकडे शेजारी ठेवतात आणि ठरवून मोकळे होतात. पण घरचं बजेट कोलमडतं ते भाड्याच्या मागून येणाऱ्या खर्चांनी, म्हणजे स्टेशनपर्यंतची रिक्षा, मेंटेनन्स, स्कूलबस आणि दोघंही नोकरीला असाल तर पोरांना सांभाळायची सोय.

वीज-गॅसवर डोकं खपवू नका, बहुतेक भागात दोन्हीकडे महावितरण आणि महानगर गॅसच आहे. किराणाही उन्नीस-बीस. भाजी मात्र वाशीच्या एपीएमसीजवळ, म्हणजे घाऊक बाजाराजवळ राहणाऱ्यांना परवडते, दोन-तीन घरांनी मिळून गोणीने कांदे-बटाटे आणले तर फरक लगेच कळतो.

आता घोडबंदर रोड. बजेट कमी सांगितलं की ठाण्यातला ब्रोकर तिकडेच नेणार. स्टेशनजवळच्या नौपाड्याच्या मानाने कमी पैशात मोठं घर, क्लबहाऊस, बाल्कनीतून येऊरचा डोंगर, बघताक्षणी आवडतंच. पण घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून ठाणे स्टेशन साधारण दहा किलोमीटर, आणि फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं मीटर २६ रुपयांनी सुरू होतं, पुढे किलोमीटरला १७ च्या वर, म्हणजे एका फेरीचे १७० तरी झाले. जाऊन-येऊन ३४०, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेआठ हजार, तेही एकट्या माणसाचे आणि ट्रॅफिकमधलं वेटिंग न धरता. रोज कोणी मीटरने जात नाही हे मान्य, टीएमटीची बस आहे, शेअर रिक्षा आहे, पण सकाळी भरलेल्या दोन बस सोडाव्या लागल्या की माणूस रिक्षाला हात करतोच. घोडबंदरवरून जाणारी मेट्रो ४ वडाळ्यापर्यंत पूर्ण धावायला लागली की हे गणित बदलेल, पण घर आज घेताय तर हिशोबही आजचाच करा.

दुसरं म्हणजे पाणी. घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात आणि ते पैसे मेंटेनन्समधून आपल्याच खिशातून जातात. म्हणून घर बघायला गेलात की एप्रिल-मेची मेंटेनन्सची पावती दाखवा म्हणायचं, डिसेंबरची बघून काही कळत नाही. ब्रोकर टाळाटाळ करेल, तेव्हा सरळ वॉचमनला विचारा टँकर किती येतात, तो सांगतो.

नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, त्यामुळे वाशी, नेरूळ, कोपरखैरणे या बाजूला पाण्याची चिंता खूपच कमी. पण खारघर, कामोठे त्यात येत नाहीत हं, ते पनवेल महापालिकेत आहे आणि उन्हाळ्यात तिकडेही पाण्याची बोंब असते. लोक सगळ्यालाच नवी मुंबई म्हणतात आणि तिथेच फसतात.

मध्यमवर्गीय फॅमिलीसाठी मला सगळ्यात आवडतात त्या सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या जुन्या बिल्डिंगी. लिफ्ट नाही, खोल्या लहान, रंग उडालेला, पण मेंटेनन्स कमी, आणि शाळा, बाजार, गार्डन सेक्टरमध्येच, पोरं चालत शाळेत जातात म्हणजे स्कूलबसचा खर्चच नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर तिसरा-चौथा मजला मात्र नको. विकत घेणार असाल तर सिडकोची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, रिसेलला ट्रान्सफर फी लागते, ती कोण भरणार हे टोकन द्यायच्या आधी लिहून घ्या. गावठाणातली घरं खूप स्वस्त दिसतात, भाड्याने राहायला ठीक, पण विकत घेताना कागद नीट बघा, बऱ्याच बिल्डिंगी अनधिकृत आहेत आणि बँक लोन देत नाही. स्टॅम्प ड्युटी दोन्हीकडे सारखीच ७ टक्के, बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का कमी.

माझं मत विचाराल तर आजी-आजोबा जुन्या ठाण्यात असतील आणि नोकरी सेंट्रल लाईनला असेल तर घोडबंदरच्या टू बीएचकेपेक्षा नौपाडा किंवा पाचपाखाडीचा वन बीएचके घ्या. भाडं टोचेल, पण पाळणाघराचे आणि रिक्षाचे पैसे वाचतात, शिवाय पोरं घरच्या माणसांजवळ राहतात, त्याची किंमत कुठल्याच हिशोबात धरता येत नाही. दोघांचंही ऑफिस नवी मुंबईतल्या महापे-रबाळे पट्ट्यात असेल तर डोळे झाकून कोपरखैरणे किंवा घणसोली. आणि एक जण ठाण्याकडे, दुसरा बेलापूरकडे जाणारा असेल तर ऐरोली, ठाण्याहून दिघा गाव सोडलं की लगेच ऐरोलीच येतं. गाडी असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून ऐरोली आणि वाशी नाक्यावर कारला टोलही नाही. फक्त ऐरोलीचं स्टेशन पार एका टोकाला आहे, खाडीकडच्या सेक्टरला घर घेतलंत तर रोजची रिक्षा तिथेही आहेच, ती भाड्यात मिळवूनच मग तुलना करा.