दूषित कूलिंग सिस्टीम: पाण्याने धुवावी, रसायनाने साफ करावी, रेडिएटर खोलून घ्यावा की बदलूनच टाकावा?

नागपुरात मार्च सरत आला की ‘गाडी हीट मारून राहिली’ ही तक्रार गॅरेजांमध्ये रोज ऐकू येऊ लागते, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे गेला की जिने हिवाळाभर संत्र्याच्या पेट्या निमूटपणे वाहिल्या तीच पिकअप कळमन्याच्या बाजाराच्या वाटेवर बोनेट उघडून उभी दिसते. रेडिएटरचे झाकण उघडल्यावर आत चहाच्या रंगाचे पाणी दिसते आणि मालकाला चार जण चार सल्ले देतात. एक म्हणतो नुसत्या पाण्याने धुवा, दुसरा म्हणतो केमिकल मारा, तिसरा रेडिएटर खोलून रॉडिंग, म्हणजे नळ्या आतून खरवडून साफ, करायला सांगतो आणि चौथा सरळ नवा रेडिएटर बसवायला सांगतो. चारही उपाय आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र त्यांची निवड दरावरून करण्यापेक्षा आत नेमकी कोणती घाण आहे आणि ती कुठून आली यावरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

घाण ओळखण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना खालच्या ड्रेन प्लगमधून थोडे पाणी काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी तळाशी विटकरी गाळ बसलेला आणि वरचे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असेल, तर तो ब्लॉकमधला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडातला, गंज आहे. पांढुरके, खरखरीत कण असतील तर ते बोअरच्या जड पाण्यातले क्षार आहेत. वर काळसर तवंग किंवा मलईसारखा थर जमला असेल, तर आत तेल शिरले आहे. जेलीसारखे लिबलिबीत गोळे निघाले, तर कुणीतरी दोन न जुळणारे कूलंट (पाण्यात मिसळायचे गंजरोधक द्रव) एकत्र ओतले आहेत किंवा गळती बंद करण्याची पावडर टाकली आहे. ड्रायव्हर मंडळींचा रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना तोडगाही याच प्रकारात मोडतो. हळद फुगून बारीक गळती बुजवते हे खरे, पण जी वस्तू भोक बुजवते तीच नळ्याही बुजवते.

गाडी कधी तापते हेही पाहावे. वाडी नाक्यावर रांगेत रखडताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर दोष बहुधा पंख्याचा, त्याला फिरवणाऱ्या व्हिस्कस क्लचचा किंवा सैल बेल्टचा असतो आणि आतली सफाई करून काहीही साधणार नाही. उलट शहरात ठीक चालणारी गाडी समृद्धी महामार्गावर माल भरून एकसारख्या वेगात धावताना तापत असेल, तर रेडिएटरमधून पुरेसे पाणी फिरत नाही असा संशय घ्यावा. रेडिएटरची बाहेरची बाजूही आधी तपासावी. कापूस वाहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत तंतू आणि धूळ मिळून नमद्यासारखा थर बसतो, तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या दाबाने पाणी मारून काढता येतो. जोरदार प्रेशर वॉशर लावल्यास पातळ फिन, म्हणजे जाळीतले पत्रे, वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

नुसत्या पाण्याने धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि घाण सैल असेल तर तो पुरतो. अडचण अशी की ड्रेन प्लग उघडल्यावर फक्त रेडिएटर रिकामा होतो, ब्लॉकमधले पाणी तिथेच राहते. ढोबळमानाने निम्मे पाणी निघते असे धरले, तर पहिल्या वेळी जुन्या पाण्याचा 50 टक्के, दुसऱ्या वेळी 25, तिसऱ्या वेळी साडेबारा आणि चौथ्या वेळी सुमारे 6 टक्के अंश उरतो. म्हणून ‘एकदा फ्लश केले’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. प्रत्येक वेळी इंजिन गरम होऊन थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत चालवावे लागते, नाहीतर नवे पाणी ब्लॉकमधून फिरतच नाही. थर्मोस्टॅट काढून, दोन्ही होज पाईप सोडून, उलट दिशेने नळीने पाणी सोडले तर काम लवकर होते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी मात्र कधीही ओतू नये, कारण त्या धक्क्याने हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, तडा जाऊ शकतो. धातूला घट्ट चिकटलेला गंज आणि क्षार या पद्धतीने निघत नाहीत, ही तिची मर्यादा आहे.

तिथून पुढे रसायनाचा विचार येतो. बाजारात तयार फ्लश मिळतात आणि किराणा दुकानात लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, मिळते. गंजासाठी सायट्रिक ॲसिड चांगले काम करते, कारण ते लोखंडाच्या ऑक्साइडला विरघळवून पाण्यात धरून ठेवते. लिटरमागे 40 ते 50 ग्रॅम प्रमाण पुरते आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर असेल तर मी त्याच्या निम्म्यावर थांबेन. थर्मोस्टॅट काढून, द्रावण भरून, इंजिन कामाच्या तापमानाला अर्धा-पाऊण तास चालवावे, कोमट झाल्यावर सोडावे आणि पाणी नितळ येईपर्यंत खळबळून घ्यावे. आठवडाभर तसेच भरून गाडी चालवण्याचा सल्ला मिळाला तर तो मानू नये. क्षारांच्या जाड थरावर मात्र याचा उपयोग मर्यादित आहे, कारण त्यातून तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसे विरघळत नाही आणि गरम पाण्यात तर आणखी कमी विरघळते. म्हणजे एका थराच्या जागी दुसरा गाळ बसण्याची शक्यता उरते. शौचालय साफ करण्याचे ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा ही दोन्ही अॅल्युमिनियमला खातात, त्यामुळे ती कितीही झटपट परिणाम दाखवत असली तरी आजच्या गाड्यांत वर्ज्य समजावीत. रासायनिक सफाईनंतर वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवर ठोकलेले पत्र्याचे झाकण) किंवा रेडिएटर गळू लागला की दोष ॲसिडला दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळा गंजाने आधीच पाडलेले भोक गंजानेच झाकलेले असते आणि ते उघडे पडलेले असते. जुन्या गाडीच्या मालकाने या खर्चाची तयारी ठेवूनच हा मार्ग घ्यावा.

तेलाचे प्रकरण वेगळे आहे आणि सर्वाधिक चुकीचे निर्णय इथेच होतात. कूलंटमध्ये तेल दिसले की हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉक यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी) गेले असा निष्कर्ष काढून हेड खोलले जाते. ऑइल कूलर (कूलंटच्या मदतीने इंजिनाचे तेल थंड करणारा भाग) असलेल्या डिझेल इंजिनात मात्र संशय आधी कूलरवर घ्यावा. इंजिन चालू असताना तेलाचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून फुटलेल्या कूलरमधून तेल पाण्यात जाते. गाडी बंद केल्यावर तेलाचा दाब शून्य होतो, कूलंटचा दाब मात्र काही वेळ टिकतो, आणि मग पाणी तेलात उतरू शकते. पॅकिंग गेले असेल तर थंड इंजिन सुरू करताच होज पाईप दगडासारखा कडक होतो, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात आणि धूर पांढरा होतो. मूळ गळती बंद केल्याशिवाय धुण्यावर एक रुपयाही खर्च करू नये. गळती बंद झाल्यावर कमी फेसाचे, तेल तोडणारे डिटर्जंट वापरून गरम पाण्याचे अनेक हात द्यावे लागतात, कारण सायट्रिक ॲसिड तेलावर काहीच करत नाही. शिवाय कूलंटचे होज पाईप सहसा ज्या ईपीडीएम रबराचे असतात, ते रबर तेलाने फुगते आणि मऊ पडते. होज दाबून पाहावा. तो ओल्या चामड्यासारखा लागला तर सगळे होज, झाकणाची रबर रिंग आणि थर्मोस्टॅट बदलण्याचा खर्च हिशेबात धरावा.

रॉडिंग की नवा रेडिएटर, या प्रश्नाचे उत्तर रेडिएटरच्या धातूत आहे. जुन्या पिकअपमध्ये तांबे-पितळेचा रेडिएटर असतो. कारागीर त्याची वरची टाकी डाख सोडवून काढतो, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून क्षार खरवडतो आणि टाकी पुन्हा डाख देऊन बसवतो. चांगल्या हाताने केलेले हे काम वर्षानुवर्षे टिकते, आणि नळ्या शाबूत असतील तर मी असा रेडिएटर टाकून देण्याच्या विरोधात आहे. नव्या गाड्यांत अॅल्युमिनियमचा गाभा आणि दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या असतात, त्या पत्र्याच्या दातांनी वळवून बसवलेल्या असतात. हे दात एखाद्या वेळी उघडून बसवता येतात, पण दुसऱ्यांदा तुटतात, आणि पातळ नळ्यांत पट्टी घातली तर भोक पडते. अशा रेडिएटरचा गाभा चोंदला असेल तर तो बदलणेच शहाणपणाचे ठरते. बदलताना केवळ मापे जुळतात एवढ्यावर समाधान मानू नये. स्वस्त नकली मालात नळ्यांच्या रांगा कमी किंवा गाभा पातळ असतो आणि तो फरक जानेवारीत नाही, मे महिन्यात कळतो. नवा रेडिएटर बसवण्याआधी ब्लॉक धुतला नाही, तर ब्लॉकमधला गंज पहिल्याच महिन्यात त्या नव्या नळ्यांत जाऊन बसतो. ही चूक मला सर्वांत महागडी वाटते. इंजिनातून रेडिएटरकडे येणाऱ्या वरच्या होजच्या तोंडाशी काही दिवस बारीक नायलॉनची जाळी बसवून, ती वरचेवर काढून धुणे हा साधा उपाय इथे उपयोगी पडतो.

भरण्याच्या वेळी दोन गोष्टींत घोळ होतो. धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये साधे पाणी उरलेले असते, त्यामुळे वरून तयार 50-50 मिश्रण ओतले तर आतले प्रमाण प्रत्यक्षात 25 टक्क्यांच्या आसपास येते. एकूण क्षमता 10 लिटर असेल तर आधी घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेले, कूलंट पाच लिटर ओतावे आणि उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरावी. दुसरा घोळ रंगाचा. हिरवा आणि हिरवा जुळतोच असे नाही, म्हणून डब्यावरचा प्रकार आणि आयएस 5759 हे भारतीय मानक पाहावे. नागपुरात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न हमखास येतो. इथे त्याची गरज गंजरोधक घटकांसाठी आणि उकळबिंदूसाठी आहे. साधे पाणी 100 अंशांना उकळते, 50 टक्के मिश्रण सुमारे 107 अंशांना, आणि झाकणाचा दाब धरला तर दोन्ही आकडे बरेच वर सरकतात. म्हणूनच ढिल्या स्प्रिंगचे झाकण बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याची प्रथा आपल्याकडे आहे. सफाईपुरता तो काढावा, नंतर नवा बसवावा. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तो नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाता तसाच परत फिरतो आणि गाडी उलट अधिक तापते.

गाडी दोन-तीन वर्षांची असेल आणि बाटलीत फक्त फिकट विटकरी पाणी दिसत असेल, तर पाण्याने चार वेळा धुऊन नवे कूलंट भरावे, गॅरेजला जाण्याची गरज नाही. वापरलेली गाडी घेतली असेल, आधीच्या मालकाने बोअरचे पाणी वापरले असेल आणि रेडिएटर तांब्याचा असेल, तर आधी ब्लॉक सायट्रिक ॲसिडने साफ करून घ्यावा आणि लगेच रेडिएटर खोलून रॉडिंगला द्यावा, म्हणजे गाडी एकदाच उभी राहील. भाड्यावर चालणाऱ्या गाडीचा खरा खर्च हा उभे राहण्याचा असतो, म्हणून संत्रा वाहणाऱ्यांनी मृग बहाराची फळे उतरल्यावर आणि मे लागण्याआधी जो मोकळा काळ मिळतो त्यातच हे काम काढावे. काढलेले जुने कूलंट नालीत सोडू नये. त्यातले एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, गल्लीतली कुत्री आणि मोकाट गुरे ते पितात. जुने कूलंट झाकणबंद कॅनमध्ये ठेवून, वापरलेले तेल अधिकृत पुनर्वापरासाठी पाठवणाऱ्या कार्यशाळेकडे द्यावे. महिनाभर गाडी चालल्यावर त्याच काचेच्या बाटलीत पुन्हा नमुना घ्यावा. तळाशी गाळ बसला तर ब्लॉक आणखी एकदा धुवावा, तवंग दिसला तर गाडी परत ऑइल कूलर तपासणाऱ्याकडे न्यावी.