जीपीएल की एमआयटी?

भाचीने जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम लिहिलाय. कोड खुला करायचा हे पक्कं, पण कोणत्या लायसन्सखाली, म्हणजे इतरांनी तो कोणत्या अटींवर वापरायचा, इथे गाडी अडली आहे. एमआयटी आणि जीपीएल ही अशी दोन तयार लायसन्स.

वाचायला एमआयटी सोपं. जेमतेम तीन परिच्छेद: कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, बाकी हवं ते करा, हमी मात्र नाही. जीपीएल अनेक पानी, निवांत बसूनच वाचावं लागतं.

खरा फरक कोड दुसऱ्याच्या हातात गेल्यावर कळतो. एमआयटीचा कोड कोणीही आपल्या बंद उत्पादनात घालून विकू शकतो. जीपीएलमध्ये ज्याला प्रोग्रॅम दिला, त्याला बदललेला कोडही द्यावाच लागतो. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स, म्हणजे जीपीएलखालची ऑपरेटिंग सिस्टिम, असल्याचं उघड झालं आणि जीपीएलमुळे कंपनीला कोड खुला करावा लागला. त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक राउटरना त्यामुळे सुरक्षेचे अपडेट मिळत राहिले. मला हे फार मोलाचं वाटतं.

एक पळवाट आहे. प्रोग्रॅम सर्व्हरवर चालवून नुसती सेवा दिली, तर जीपीएलचं हे बंधन लागू होत नाही. ती बुजवायला जीपीएलचंच भावंड, एजीपीएल: यात सेवा वापरणाऱ्यांनाही बदललेला कोड द्यावा लागतो.

पेटंटबद्दल एमआयटीत स्पष्ट शब्द नाही, जीपीएलच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत आहे.

छोटी लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड, सगळीकडे पोचावी असं वाटत असेल, तर एमआयटी. भाचीला सुधारणा वापरणाऱ्यांसाठी खुल्याच राहायला हव्यात. तिने जीपीएल घ्यावं, आणि प्रोग्रॅम वेबवर चालणार असेल तर एजीपीएल.